पहिलीच एअर रायफल घरी जोडताना : काही भाग गायब, काही बसत नाहीत

मोगरी_बर्मिंगहॅम

नमस्कार. गेल्या महिन्यात येथील एका वृद्ध गृहस्थांच्या घराची आवराआवर चालू असताना मला एचडब्ल्यू ३५ या जातीची जुनी जर्मन एअर रायफल सुट्या भागांच्या स्वरूपात मिळाली. मिळाली म्हणजे, बुटांच्या खोक्यात स्प्रिंगा, मुरांब्याच्या बरणीत स्क्रू आणि चापाची पेटी, आणि जुन्या टॉवेलात गुंडाळलेले सिलिंडर व नळी. अक्रोडी रंगाचा दस्ता मात्र शाबूत आहे. पदवीने मी यांत्रिकी अभियंता असलो तरी गेली बारा वर्षे पोटासाठी सॉफ्टवेअर तपासतो, त्यामुळे हाताला तेल लागून बराच काळ लोटला आहे.

सध्या मी चार ठिकाणी अडलो आहे. सिलिंडरच्या मागच्या टोकाला आट्यांनी बसणारा जो ठोकळा आहे तो स्प्रिंग घालून फिरवला की अर्ध्यावर घट्ट होतो आणि तीन आटे बाहेरच राहतात. खोक्यात दट्ट्याची तीन सील निघाली. त्यांपैकी दोन निळसर प्लास्टिकची असून माझ्या दट्ट्यावर बसतच नाहीत, आणि तिसरे चामड्याचे असून वाळून खडखडीत झाले आहे. छर्रा घालण्यासाठी नळी जिथे खाली मोडते त्या बिजागिरीपाशी एकाच बाजूला पातळ वायसर आहे, त्यामुळे नळी डावी-उजवीकडे किंचित हलते. चौथी गोष्ट म्हणजे सुरक्षा-खटक्याची दांडी आहे, पण ती बाहेर ढकलणारी बारीक स्प्रिंग कुठेच नाही. बॉलपेनमधली स्प्रिंग तिथे बरोबर मावते असे माझ्या लक्षात आले आहे. प्लास्टिकचे सील थोडे कापून आणि ठोकळ्याचे आटे कानशीने किंचित उतरवून काम होईल का, हे जाणकारांनी सांगावे.

टूलरूम_पिंपरी

कानस आधी कपाटात ठेवा आणि कपाटाला कुलूप लावा. एकोणतीस वर्षे टूलरूममध्ये काढलेल्या माणसाची ही पहिली विनंती समजा. न बसणारा भाग बहुतेक वेळा चुकीचा बनवलेला नसतो. तो दुसऱ्या कशासाठी तरी बरोबर बनवलेला असतो आणि आपण तो भलत्या जागी बसवत असतो. एकदा धातू उतरवला की तो भाग धड इकडचाही राहत नाही आणि तिकडचाही.

ठोकळ्यापासून सुरुवात करू. स्प्रिंग, गाइड (स्प्रिंगच्या आत बसून तिला सरळ धरणारी दांडी), दट्ट्या सर्व बाहेर काढा आणि रिकाम्या सिलिंडरमध्ये ठोकळा फक्त बोटांनी फिरवून पाहा. शेवटपर्यंत गेला तर आटे निर्दोष आहेत आणि दोष स्प्रिंगच्या रेट्यात किंवा तुमच्या पद्धतीत आहे. बोटांनीही अडला तर आट्यांत घाण आहे किंवा पूर्वी कोणीतरी ते तिरके चढवले आहेत. हे आटे बारीक आणि उथळ असतात. तिरके लागले तरी पहिला दीड फेरा निमूटपणे चढतात आणि मग घट्ट होतात, त्यामुळे माणसाला वाटते की आता जरा जोर लावला की झाले. तो जोर लावू नका.

सरळ लावण्याची जुनी युक्ती अशी : ठोकळा आट्यांवर टेकवून प्रथम उलट्या दिशेने, म्हणजे सोडण्याच्या दिशेने, सावकाश फिरवा. एका जागी तो ‘टक्’ असा आवाज करून केसभर खाली बसतो. ती आट्याची सुरुवात. तिथून पुढे सुलट फिरवायला घ्या. लोणच्याच्या बरणीचे झाकण लावताना आपल्या आया नकळत हेच करत असत.

दुसरा प्रश्न. स्प्रिंगा किती आहेत? ‘स्प्रिंगा’ असे अनेकवचन लिहिले आहे म्हणून विचारतो.

लेस्टरची_मृणाल

माझ्याकडे हीच रायफल आहे आणि मी ती दोनदा पूर्ण उघडली आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

सीलचे कोडे सोपे आहे. या रायफलचे उत्पादन १९५० च्या दशकात सुरू झाले आणि नंतर कित्येक दशके चालू राहिले, त्यामुळे बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन रायफलींच्या पोटात वेगवेगळे दट्टे असू शकतात. जुन्या दट्ट्यावर चामड्याची वाटी असते आणि ती मधोमध स्क्रूने आवळलेली असते. नंतरच्या दट्ट्याला पुढे कंगोरेदार बोंड असते आणि त्यावर प्लास्टिकचे सील दाबून बसवतात. मोगरी, तुमच्या दट्ट्याच्या तोंडाशी मध्यभागी स्क्रूचे छिद्र असेल तर तो चामड्याचाच आहे. निळी सील कितीही कापली तरी तिथे धरणार नाहीत. ती फेकू नका, नव्या दट्ट्याच्या मालकाला ती सोन्यासारखी आहेत.

वाळलेले चामडे बहुधा वाचणार नाही, पण नवी चामडी वाटी येथे सहज मिळते. ती नीट्सफूट तेलात (चामडे मऊ करणारे तेल) रात्रभर भिजवा, मग पुसून दट्ट्यावर आवळा आणि सिलिंडरमध्ये ढकलताना तिची कड दुमडू देऊ नका. चामडे पहिल्या पाचपन्नास छऱ्यांत सिलिंडरच्या मापाला स्वतःला जुळवून घेते. प्लास्टिकला तो गुण नाही, म्हणून मला चामडेच आवडते.

आता सुरक्षा-खटका. ती बारीक स्प्रिंग तुमच्या विक्रेत्याने हरवलेली असणार आणि ती कशी हरवली हेही मी सांगू शकते, कारण माझी तशीच गेली होती. चापाची पेटी दोन पिनांवर बसते. त्या काढून पेटी खाली ओढली की आडव्या दांडीला अडवणारे काही उरत नाही, आणि दांडी व स्प्रिंग खोलीच्या दुसऱ्या टोकाला जातात. दांडी जड असल्यामुळे सापडते. उघडताना ही सर्व मंडळी एका मोठ्या पारदर्शक पिशवीत हात घालून सोडवावी.

नाशिकचा_द्राक्षे

बॉलपेनच्या स्प्रिंगला हरकत काय आहे? भार तर काहीच नाही. आमच्याकडे फवारणी पंपात असली स्प्रिंग तीन हंगाम चालली.

टूलरूम_पिंपरी

फवारणी पंप चुकून चालू झाला तर अंगावर औषध उडते, द्राक्षेराव. इथे जो भाग आहे त्याचे नावच सुरक्षा-खटका आहे. बॉलपेनची तार बारीक आणि मऊ असते. काही दिवस दाबलेल्या स्थितीत राहिली की तिची लांबी कमी होते, आणि मग दांडी पूर्ण बाहेर येत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला खटका लागलेला वाटतो, पण आत तो अर्धवट असतो. जुगाड करायचाच असेल तर दस्त्याच्या पट्ट्याच्या कडीत करा.

मोगरी_बर्मिंगहॅम

सर्वांचे आभार. काल रात्री गॅरेजमध्ये बसून सांगितल्याप्रमाणे मोजमापे घेतली.

रिकाम्या सिलिंडरमध्ये ठोकळा बोटांनी फिरवला तेव्हा तो दुसऱ्या फेऱ्याला अडला. टॉर्च आडवा धरून पाहिले तर आट्यांच्या खोबणीत मेणासारखे पिवळे, घट्ट झालेले वंगण होते. दात घासण्याचा जुना ब्रश आणि रॉकेलसारखे पातळ द्रावण यांनी तीनदा धुतले. त्या गाळातून सुमारे तीन मिलिमीटर लांबीची, धाग्यासारखी वळलेली धातूची कीस निघाली. म्हणजे पूर्वी कोणीतरी ठोकळा तिरका चढवलेला होता. पहिल्या आट्याची कड एका जागी मुडपलेली आहे, परंतु पुढचे सर्व शाबूत आहेत. उलटे फिरवून ‘टक्’ ऐकले आणि नंतर ठोकळा दोन बोटांनी शेवटपर्यंत गेला. तो आवाज ऐकून मी गॅरेजमध्ये एकटाच हसलो, हे कबूल करतो.

स्प्रिंगा दोन आहेत. एक दुसरीपेक्षा ३४ मिलिमीटरने लांब असून तिची तारही जाड आहे. मी आजवर लांबच स्प्रिंग घालत होतो, कारण ती नवी व चकचकीत दिसत होती. ती दट्ट्याच्या पोकळीत घासून जाते आणि गाइडवर मात्र सैल, खुळखुळ्यासारखी बसते. आखूड स्प्रिंग दट्ट्यात अलगद सरकते आणि गाइडवर किंचित घट्ट बसते. चामड्याच्या दट्ट्याबद्दल मृणालताईंचा अंदाज बरोबर निघाला. मधोमध स्क्रू आहे. बिजागिरीच्या मोकळ्या बाजूची फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) ०.४ मिलिमीटर भरली.

सिलिंडरवर पंचकोनात एक ‘एफ’ अक्षर कोरलेले आहे. त्याचा अर्थ काय?

लेस्टरची_मृणाल

त्या ‘एफ’ने तुमच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरे दिली. पंचकोनातील ‘एफ’ ही जर्मनीतील खूण असून ती १९७० नंतरच्या रायफलींवर येते. ७.५ जूलपर्यंतच्या ऊर्जेची एअर रायफल तिथे प्रौढ व्यक्तीला परवान्याशिवाय घेता येते, आणि ती त्या मर्यादेत बसवलेली आहे असे ही खूण सांगते. तुमची रायफल मुळात जर्मन बाजारपेठेसाठी तयार झाली आणि नंतर कधीतरी इकडे आली. आखूड, बारीक तारेची स्प्रिंग हीच तिची मूळची असण्याची दाट शक्यता आहे. ती लांब स्प्रिंग कोणत्या रायफलची आहे देव जाणे, परंतु दट्ट्यात घासणारी आणि गाइडवर सैल असणारी स्प्रिंग तुमची नव्हे, एवढे नक्की.

सह्याद्री_टेमघर

लांब स्प्रिंग जाड तारेची आहे तर उलट ताकद वाढेल ना? ती थोडी घासून बसवून का पाहू नये?

लेस्टरची_मृणाल

कारण इंग्लंडमध्ये एअर रायफलची मर्यादा १२ फूट-पाउंड, म्हणजे १६.२७ जूल आहे. तिच्या पुढे गेलेली रायफल कायद्याच्या दृष्टीने अग्निशस्त्रच मानली जाते आणि प्रमाणपत्राशिवाय जवळ बाळगणे हा गुन्हा ठरतो. ‘मला ठाऊक नव्हते’ हे उत्तर चालत नाही. स्कॉटलंडमध्ये तर ३१ डिसेंबर २०१६ पासून या मर्यादेच्या आतील रायफललाही प्रमाणपत्र लागते. अनोळखी स्प्रिंग घालून वेग न मोजता रायफल वापरणे हा म्हणूनच मूर्खपणा आहे. शिवाय घासली जाणारी स्प्रिंग ताकद देत नाही, ती कंप आणि करकर देते.

टूलरूम_पिंपरी

बिजागिरीबद्दल. ०.४ची फट म्हणजे एक वायसर गायब. दोन्ही बाजूंना सारख्या जाडीचे नवे वायसर घाला; एकाच बाजूला जाड वायसर घालून फट भरली तर नळी मध्यरेषेवरून सरकते आणि पुढे निशाण कायम एका बाजूला जाते, मग माणूस माशीला, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेम धरायच्या खुणेला, दोष देत बसतो. बोल्ट किती आवळायचा हे स्प्रिंग बसवण्यापूर्वीच ठरवा. सिलिंडर आडवे धरून नळी मोडा आणि हात सोडा. नळी आपल्या वजनाने खाली पडली तर बोल्ट सैल आहे. हाताने ठेवाल त्या कोनात ती राहिली आणि बोटाच्या धक्क्याने हलली तर झाले.

स्प्रिंग बसवताना मात्र हाताने दाबू नका. ठोकळा आट्यांना लागण्याआधीच तिचा रेटा सुरू होतो. सुतारांचा लांब क्लँप असतो, दरवाज्याच्या चौकटी चिकटवताना वापरतात तो, त्यात सिलिंडर आडवे धरा. पुढच्या टोकाला लाकडाचा तुकडा द्या, चेहरा कधीही त्या रेषेत आणू नका, आणि क्लँपने रेटा धरून ठेवून ठोकळा फिरवा. उघडताना याच्या उलट. स्प्रिंगची दोन्ही टोके बारीक पॉलिश कागदाने गुळगुळीत करून घ्या. ही एकच घासाघीस मी मान्य करतो.

बालेवाडी_दहामीटर

धागा वाचून मजा आली. आमचा संबंध स्पर्धेच्या रायफलींशी येतो. तिथे आता दाबलेल्या हवेची टाकी असते आणि स्प्रिंगचा धक्का अजिबात नसतो. दहा मीटरवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असल्यावर दुसरे काय करणार? बीजिंगला २००८ मध्ये अभिनव बिंद्रा यांनी सुवर्णपदक मिळवले ते याच दहा मीटरच्या प्रकारात. त्यामुळे तुमच्या उडी मारणाऱ्या स्प्रिंगवाल्या रायफलीबद्दल मी अधिकाराने बोलू शकत नाही, परंतु छऱ्यांबद्दल बोलू शकतो. ४.५ मिलिमीटर असे डबीवर असले तरी छऱ्याच्या डोक्याचे माप ४.४९ ते ४.५२ असे बदलते. रायफल जोडून झाल्यावर छर्रा अंगठ्याने दाबून नळीत बसताना किंचित विरोध जाणवायला हवा. तो गडप होत असेल तर वेग पडतो आणि लोक विनाकारण सील उघडत बसतात.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी एक सूचना. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार बंदूक बनवण्यालाच नव्हे, तर दुरुस्त करण्यालाही परवाना लागतो. इंग्लंडमधल्या गॅरेजचा हा धागा पाहून येथे कोणी घरी काही जोडायला घेऊ नये. आमच्या रायफली परवानाधारक दुरुस्तीकाराकडेच जातात.

मोगरी_बर्मिंगहॅम

तीन आठवड्यांनी लिहितो आहे, कारण चामड्याच्या वाटीची आणि वायसरांची वाट पाहण्यात दोन गेले.

आईने फोनवर तेलाचे ऐकून खोबरेल सुचवले होते. येथील गॅरेजमध्ये ते बाटलीतच दगड होऊन बसते, त्यामुळे नीट्सफूटच आणले. हे तेल गुरांच्या खुरा-नळ्यांपासून काढतात, हे मात्र मी तिला सांगितलेले नाही. वाटी रात्रभर भिजल्यावर इतकी मऊ झाली की बोटाने दाबताच कडेवर तेलाचे थेंब उभे राहत होते. सिलिंडरमध्ये ढकलताना दट्ट्या जिथे खाचेजवळून जातो तिथे तिची कड अडकू लागली, म्हणून जुन्या दूरध्वनी-कार्डाची पट्टी वाकवून खाचेला अस्तर लावले आणि वाटी त्यावरून घसरवली. दट्ट्याच्या मागच्या अंगाला मॉलिब्डेनमचे काळे ग्रीस लावले; वाटीच्या पुढे मात्र काहीच नाही.

चापाच्या पेटीने अर्धा दिवस खाल्ला. ती जागेवर जाईना, पिनांची छिद्रे जुळेनात, आणि माझी नजर पुन्हा कानशीकडे वळू लागली होती. शेवटी मृणालताईंना संदेश केला.

लेस्टरची_मृणाल

इतरांच्याही उपयोगी पडेल म्हणून ते उत्तर येथे लिहून ठेवते. या रायफलीची रेकॉर्ड नावाची चापाची पेटी बसवताना ती स्वतः ‘चढलेल्या’ स्थितीत हवी. पेटी हातात धरून वरचा आकडा पेचकसाने खाली दाबला की टिक् असा आवाज येतो. तशा अवस्थेत, सुरक्षा-दांडी अंगठ्याने पूर्ण आत दाबून धरून, पेटी वर सरकवायची. दोन्ही पिना मग हाताने जातात. हातोडी घ्यावी लागत असेल तर काहीतरी चुकते आहे. सुरक्षा-खटक्याची बारीक स्प्रिंग मी दिली आहे, माझ्याकडे दोन होत्या.

मोगरी_बर्मिंगहॅम

तसेच झाले. टिक् झाले आणि पिना बोटांनी गेल्या.

शनिवारी गॅरेजमध्ये, मागे जाड पुट्टीने भरलेली लोखंडी पेटी ठेवून, वेग मोजण्याच्या यंत्रावरून पहिले दहा छर्रे मारले. छर्रा ०.५४७ ग्रॅमचा. पहिल्याच छऱ्याला फटाक्यासारखा आवाज आला, नळीतून निळा धूर निघाला आणि यंत्राने सेकंदाला २१४ मीटर दाखवले. मी हिशेब केला तर १२.५ जूल भरले आणि आनंद झाला. दुसरा १९६, तिसरा १८१, आणि नवव्या-दहाव्यापर्यंत वेग १६० च्या आसपास येऊन थांबला. म्हणजे ७ जूल. सील गळते आहे असे समजून नळीच्या सांध्यावर टिश्यूपेपरची पट्टी ठेवून छर्रा मारला. पट्टी हलली नाही.

टूलरूम_पिंपरी

अहो, पहिले काही छर्रे तेलाने पेटले. चामड्यातले जास्तीचे तेल दाबाच्या उष्णतेने जळते, त्याचाच तो धूर आणि फटाका. तो वेग रायफलीचा नव्हता, तेलाचा होता. चामडे भिजवल्यावर थोडेफार असे होतेच, परंतु फार वेळ चालले तर स्प्रिंग तुटते. ७ जूलबद्दल मात्र तक्रार कशाची? सिलिंडरवर ७.५ ची खूण आहे आणि मूळची स्प्रिंग आत आहे. खुणेप्रमाणेच चालली आहे.

लेस्टरची_मृणाल

काकांशी सहमत आहे. इंग्लंडच्या मर्यादेतील पूर्ण ताकदीची स्प्रिंग पुढे घालायची असेल तर याच मॉडेलची घ्या आणि त्याच दिवशी पुन्हा वेग मोजा. तुमच्या छऱ्याला सेकंदाला २४३ मीटरच्या पुढे मर्यादा ओलांडली जाते आणि त्याच्या बरीच आत राहिलेली बरी. दोन गोष्टी विसरू नका. छर्रा घालताना दुसऱ्या हाताने नळी घट्ट धरून ठेवायची, कारण नळी उघडी असताना चापाच्या पेटीतला आकडा सुटला तर ती बोटांवर मिटते. आणि घरात मुले असतील तर रायफल कुलपात. अठरा वर्षांखालच्यांच्या हाती ती लागू नये याची खबरदारी घेणे कायद्यानेच बंधनकारक आहे. छर्रा कुंपणाबाहेर जाणे हाही गुन्हा आहे, म्हणून गॅरेज आणि पुट्टीची पेटी ही तुमची व्यवस्था उत्तम.

मोगरी_बर्मिंगहॅम

स्प्रिंग तूर्त आहे तीच ठेवतो. नऊ मीटरवर शेवटचे पाच छर्रे एका रुपयाच्या नाण्याखाली झाकले गेले आणि धक्काही इतका मवाळ आहे की माझ्या बायकोने लागोपाठ वीस मारले.

एक स्क्रू अजून उरला आहे. दस्त्याच्या पुढच्या दोन बाजूंच्या स्क्रूंपैकी डावा पूर्ण आवळला की नळी मोडताना स्प्रिंग चढवणारी आतली दांडी कशाला तरी घासते; अर्धा फेरा सैल केला की घासणे थांबते, पण दहा छऱ्यांत तो आपोआप आणखी सैल होतो.

टूलरूम_पिंपरी

दोन्ही स्क्रू काढून शेजारी शेजारी उभे करा आणि उजव्याच्या डोक्याखाली वाटीसारखे वायसर आहे का ते पाहा. डाव्याखालचे गायब असणार. त्यामुळे स्क्रू तेवढा आत जातो आणि दांडीला टेकतो. स्क्रू कापू नका.

मोगरी_बर्मिंगहॅम

उजव्याखाली आहे, डाव्याखाली नाही. मुरांब्याची बरणी पुन्हा उपडी केली तर तळाशी चिकटलेल्या साखरेत ते वायसर निघाले.